तुझ्या पानावरचं केळं

माय, केळ्यानं काही झालं नव्हतं. बाकीचं सावकाश लिहिते, पण हे आधी सांगून टाकते. तू समोर असतीस तर माझं अर्धं वाक्य ऐकून उठली असतीस आणि चुलीकडे पाठ फिरवून काहीतरी ढवळत बसली असतीस. आता तुला उठून जाता येत नाही, म्हणून मला धीर आला आहे. मी पत्रं लिहिणारी बाई नाही हे तुला माहीत आहे. आयुष्यभर मुलींना गणित शिकवलं, त्यात शब्द कमी लागतात. पण एका प्रश्नाचं उत्तर तुला द्यायचं राहिलं होतं, आणि ते मला या वर्षी मिळालं आहे.

त्या दिवशी बहादरपूरच्या मळ्यात कापणी चालू आहे. आखाजीचा सण नुकताच होऊन गेला आहे, ऊन तापलेलं आहे, आणि मी तुझ्या शेजारी केळीच्या सावलीत पाय पसरून बसले आहे. घड उतरतात, फण्या सुट्या होतात, बैलगाडीत सुकलेली पानं अंथरून त्यावर माल रचला जातो. संध्याकाळपर्यंत तो स्टेशनवर पोचायला हवा. बाबा बांधावर बसून पेपर मोठ्यानं वाचतात. राज्यं नव्यानं आखणार, नागपूर तिकडे जाणार, आपण इकडे राहणार की काय, असं काहीतरी. आत्या फण्या पुसता पुसता म्हणते, "आपली केळी दिल्लीले जातात. आपल्याले नागपूर काय अन् भोपाळ काय?" सगळे हसतात. तू सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस. लहान्या तुझ्या पोटात आहे, चौथा महिना. समोरच्या ढिगात एक जुळं केळं निघतं, एका सालीत दोन. गाडी भरणारी एक बाई ते बाजूला काढते. "वहिनी, हे गाईले टाका. पोटुशी बाईनं खाऊ नये." तू ते हातात घेतेस. "गाय सकाळी जेवली," तू म्हणतेस, "मीच नाही जेवली." आणि सोलून दोन्ही भाग खाऊन टाकतेस. तेव्हाही सगळे हसले होते. आत्याही हसली होती. हे मला अगदी स्वच्छ आठवतं, कारण त्यानंतर तुला केळं खाताना मी कधी पाहिलंच नाही.

छप्पन सालच्या दिवाळीच्या सुमारास लहान्या झाला आणि त्याच दिवसांत आपली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. घरात येणारा-जाणारा जो तो सरहद्दीबद्दल बोलत होता. काकांच्या कचेरीत कोण नागपूरला जाणार आणि कोण इथे राहणार याची चर्चा ओसरीवर चालायची, आणि आत तू बाळाला मांडीवर घेऊन त्याची मान सावरत असायचीस. ती त्यानं लवकर धरलीच नाही. मुलगा झाला म्हणून बाबांनी दराबा वाटला होता. त्या मिठाईचे डबे रिकामे होईपर्यंत बायकांच्या लक्षात आलं की बाळाचे डोळे जरा तिरपे आहेत, जीभ बाहेर राहते, अंग कापसासारखं मऊ आहे. डॉक्टर म्हणाले, वाढ मंद राहील, जीव लावा. कशानं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. ते आत्यानं सांगितलं. "एका सालीत दोन जीव आले. एकाचं थोडंसं दुसऱ्यात राहून गेलं. म्हणूनच नाही म्हनतात जुळं खायले." तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. भाजी निवडताना बोलावं तसं बोलली आणि पुढच्या कामाला लागली. तू मात्र तिथेच थांबलीस.

तू कुणाला काही सांगितलं नाहीस. नवस नाही, उपास नाही. फक्त केळं सोडलंस. आपल्या घरात! कच्च्या केळ्याची भाजी तू मीठ न चाखता करायचीस आणि ती कधी अळणी झाली नाही. पिकलेली केळी दुधात कुस्करून लहान्याला भरवायचीस आणि वाटी निपटलेलं बोट पदराला पुसायचीस. तो मोठा होऊ लागला तसा स्वतः सोलायला शिकला, आणि त्याला पहिली गोष्ट काय सुचली तर अर्धं तोडून तुझ्या तोंडाशी धरायचं. "माय, आ." तू मान वळवायचीस. तो दुसऱ्या बाजूनं यायचा. "माय, आ." तू हसून म्हणायचीस, "तू खा रे राजा, माझं पोट भरलं." तो बिचारा तुझ्या पोटाला हात लावून बघायचा, भरलं आहे का. गल्लीतली पोरं त्याला कमी म्हणायची. चांगली माणसंही हळू आवाजात तेच म्हणायची, की जरा कमी आहे. त्या शब्दाचा मला फार राग यायचा, पण त्याच्या जागी दुसरा कुठला शब्द ठेवायचा हे माहीत नव्हतं.

शाळेसाठी आपण बुऱ्हाणपुरात, बुधवाऱ्यात राहायला आलो. अकरावीत मला जीवशास्त्र होतं. ते शिकवणारे सर मराठी, पुस्तक आलेलं हिंदी, आणि सर अर्धा तास हिंदीत बोलून दमले की म्हणायचे, "आता पोरींनो, समजेल असं सांगतो." गुणसूत्र हा एक शब्द दोन्हीकडे सारखाच होता, त्याचं त्यांना फार समाधान. पण पुस्तकात माणसाच्या शरीरातल्या पेशीत अठ्ठेचाळीस गुणसूत्रं असं छापलं होतं. सर म्हणाले, "पुस्तक जुनं आहे. अठ्ठेचाळीस कापा, सेहेचाळीस लिहा. त्याच्याखाली चोवीस आहे, तेही कापा, तेवीस लिहा." एका मुलीनं विचारलं, "सर, मग दोन कुठे गेली?" सर म्हणाले, "गेली कुठेच नाहीत. मोजणारे चुकले होते. शहाणी माणसं होती तीही." मग त्यांनी आम्हाला उभं केलं. एका बाकावर दोन मुली, म्हणजे एक जोडी. शरीराची पेशी म्हणजे अख्खा वर्ग, त्यात सगळ्या जोड्या पूर्ण. पण ज्या पेशीपासून मूल होतं ती करायची तर प्रत्येक जोडीतली एकच घ्यायची. तेवीस आईकडून, तेवीस बापाकडून, म्हणजे पुन्हा सेहेचाळीस. दोघांनी निम्मं निम्मं दिलं नाही, तर दर पिढीला आकडा दुप्पट होत जाईल. "चला, प्रत्येक बाकावरची एक खिडकीकडे, एक दाराकडे." सगळ्या गेल्या. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं माझा हात धरला होता, तो तिनं सोडला नाही, आणि आम्ही दोघी खिडकीकडे गेलो. वर्ग खो खो हसला. सर ओरडले, "सुटा ग! दोघी एकीकडे गेलात तर इकडे एक जास्त, तिकडे एक कमी. हिशेब बिघडतो असा." मैत्रीण म्हणाली, "सर, मले एकटीले भ्याव वाटते." मी शरमून दाराकडे गेले. माय, उत्तर त्या दिवशी माझ्या हातात होतं. अक्षरशः हातात. मला कळलं नाही. सरांनाही त्यापुढचं ठाऊक नसावं, नाहीतर त्यांनी सांगितलं असतं.

त्याच तासाला सरांनी केळीचंही सांगितलं होतं, आणि तेवढं मी घरी येऊन तुला सांगितलं. तू भाकरी थापत होतीस. मी म्हटलं, केळ्यात बी का नसतं माहीत आहे? केळीत गुणसूत्रांच्या जोड्या नसतात, तीन तीन असतात. तिघांचे सारखे दोन भाग होत नाहीत. म्हणून बी धरत नाही, म्हणून आपण कंद लावतो. तू क्षणभर हात थांबवलास. "म्हणजे केळीची पोर म्हणजे तीच केळ परत. बरं आहे तिचं. सासरचं कोनी नाव ठेवाले नाही." मी हसले, आणि हसण्याच्या भरात जे कधी बोलायचं नव्हतं ते बोलून गेले. म्हटलं, माय, जुळ्या केळ्यानं काही होत नाही. नुसती दोन फळं चिकटलेली असतात, दुसरं काही नाही. तू उगाच सोडलंस. तुझा चेहरा असा बदलला की मी मागे सरकले. तू आवाज चढवला नाहीस. तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "केळ्यानं नाही, तर मग कशानं? सांग. सांग ना. शाळेत जाते ना तू. कशानं झाला तो असा?" मला काही येत नव्हतं. "मग माझ्याजवळ जे आहे ते राहू दे," तू म्हणालीस. "ते काढून घेशील तर त्याच्या जागी ठेवशील काय?"

तेव्हापासून मी तो विषय काढला नाही. तू गेलीस तेव्हाही तो प्रश्न तसाच होता. लहान्या तुझ्या उशाशी बसला होता, त्याच्या हातात अर्धं केळं होतं, आणि ते त्याच्या हातातून कुणी काढून घेतलं नाही. दहाव्याला नदीकाठी राजघाटावर पिंड ठेवले, तेव्हा घरातल्या बायका म्हणाल्या, जे माणसानं सोडलं ते त्याच्या पानात वाढायचं नाही. म्हणून तुझ्या तिथीला दर वर्षी केळीच्या पानावर सगळं वाढतो, खीर, वडे, चटणी, आणि केळं ठेवत नाही. मी स्वतः ते काटेकोर पाळलं.

आता या वर्षीचं सांगते. माझी मुलगी इंदूरला असते, तिला दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, घरात कुणी असं आहे का? तिनं मामाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मामाला घेऊन या, त्याचं रक्त तपासू. फोनवर मुलगी म्हणाली, "मम्मी, टेन्शन मत ले, नुसतं ब्लड घेतात." पण तिच्या आवाजात टेन्शन होतं. मी लहान्याला घेऊन गेले. तो आता चाळिशी ओलांडलेला, केस पांढरे झालेला, पण सुई पाहिल्यावर त्यानं मला विचारलं, "माय येईल?" मी म्हटलं, मी आहे ना. रक्त मुंबईला गेलं. रिपोर्ट यायची आम्ही वाट पाहत होतो तेव्हा मी मुलीकडेच राहिले. ती वरण-भात जेवायची आणि मी तिच्या ताटाकडे बघत बसायचे. शेजारच्यांनी केळी पाठवली, मी ती न बोलता उचलून कामवाल्या बाईला दिली. मुलीनं पाहिलं. तिला कधी सांगितलं नव्हतं तरी कळलेलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला एक फोटो दाखवला. काळे काळे तुकडे, दोन दोन जवळ ठेवून ओळी लावलेल्या. लहान्यानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "अळ्या." बाई हसल्या. त्यांनी एका जागी पेन्सिल टेकवली. तिथे दोन नव्हते, तीन होते. "ये देखिए. सबके छियालीस होते हैं, इनके सैंतालीस हैं." मग समजावून सांगितलं. आईची किंवा बापाची पेशी तयार होताना जोडी सुटते आणि एकेक इकडे-तिकडे जाते. कधी एखादी जोडी सुटतच नाही. दोन्ही एकाच बाजूला जातात. तिथे तेवीसच्या जागी चोवीस होतात. हे बहुतेक वेळा आईकडच्या पेशीत होतं, कधी बापाकडच्या. तुमच्या घरी कुणाकडून झालं ते या फोटोवरून सांगता येत नाही, आणि कुणाकडूनही झालं तरी ते कुणी केलेलं नसतं. हे सगळं मी तुला जसंच्या तसं लिहिते आहे, त्यातलं काही गाळलेलं नाही. मग त्या मुलीकडे वळल्या. "इनका एक्स्ट्रा वाला अलग है, किसी से चिपका हुआ नहीं है. ये खानदान में चलने वाली चीज़ नहीं. आपके बच्चे को इससे कोई अलग खतरा नहीं." मुलीनं माझा हात घट्ट धरला. आणि मी, मुलीसाठी आलेली बाई, भलतंच विचारून बसले. "डॉक्टर साहब, चौथे महीने में कुछ खाने से तो नहीं होता?" त्या म्हणाल्या, "क्या खाने से?" म्हटलं, "केला." त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. म्हणाल्या, "नहीं माताजी. गिनती तो बच्चा ठहरने के पहले ही हो चुकी होती है. चौथे महीने का केला उसमें क्या करेगा?"

माय, आधीच. त्या जुळ्या केळ्याचं फूलही बहुधा निघालं नव्हतं तेव्हा. तू केळीच्या सावलीत भुकेली बसलीस, हसलीस, खाल्लंस, त्याच्या कितीतरी आधी दोन हात धरलेले होते आणि ते सुटले नव्हते. त्यातल्या एकाला भीती वाटली असेल एकटं जायची, असं मी म्हणणार नाही, ते काही खरं नाही, गुणसूत्रांना भीती नसते. पण मला खिडकीकडे ओढत नेणारी मैत्रीण आठवली आणि सरांचं ओरडणं आठवलं, आणि मी तिथेच रडायला लागले. सगळे त्याला कमी म्हणायचे आणि त्याच्याजवळ एक जास्त होतं. तो जन्मला त्या वर्षापर्यंत तर शहाण्यांचीही मोजणी दोननं चुकलेली चालली होती. त्यात तू एकटी घरात बसून हिशेब लावलास आणि सगळा तुझ्या नावावर मांडलास. विचारलं होतंस ना, कशानं? त्या न सुटलेल्या जोडीनं. बाकी कशानं नाही.

बुऱ्हाणपूरला आल्यावर मी आत्याकडे गेले. ती आता फार थकली आहे, कानानं कमी ऐकते. तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. मनात राग होता, तो तुझ्या वतीनं कितीतरी वर्षं सांभाळलेला होता. ती नीट ऐकून म्हणाली, "जुळं केळं? मी म्हनलं असं? कधी?" मी म्हटलं, लहान्या झाला तेव्हा. ती आठवू लागली. खरंच आठवत नव्हतं तिला. "म्हनलंबी असेल. तेव्हा तोंडाले येईल ते बोलायचो आपण." मग पदराची किनार चाळवत म्हणाली, "म्हणून खात नव्हती का वं ती? मले वाटे, तिले आवडतच नाही." माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "औंदा तिच्या पानात केळं ठेव. मी येते. मले धरून ने."

काल तुझी तिथी होती. सकाळी बुधवाऱ्यात केळी घ्यायला गेले. फणीच्या कडेला एक जुळं होतं. विक्रेता म्हणाला, "ताई, हे काढून दुसरं देतो." मी म्हटलं, राहू द्या. स्वयंपाक झाल्यावर पान वाढलं, सगळं वाढून झाल्यावर शेवटी ते ठेवलं. आत्या खुर्चीत हात जोडून बसली होती. मी पाण्याचा तांब्या आणायला वळले तेवढ्यात लहान्यानं ते उचललं, सोललं, चिकटलेली दोन वेगळी केली आणि एक तोंडात घातलं. "अरे मेल्या! मायच्या पानातलं खाल्लं!" आत्या ओरडली. तो दचकला नाही. भरल्या तोंडानं, आम्हालाच समजावल्यासारखं म्हणाला, "माय केळं नाई खात." आत्याचे हात तसेच जोडलेले राहिले. मी खाली बसून त्याला म्हटलं, "आता खाते." तो माझ्याकडे बघत राहिला. खरं सांगते की खोटं, हे त्याला चेहऱ्यावरून कळतं, तुला माहीत आहे. मग त्यानं हातातलं दुसरं केळं पानावर ठेवलं, खिरीच्या बाजूला, नीट, आणि पानासमोरच्या रिकाम्या जागेला म्हणाला, "माय, आ."

हे पत्र कुठे टाकायचं नाही. टाकायला जागा असती तरी टाकलं नसतं, कारण शेवटचं एक लिहायचं आहे ते तुझ्याशिवाय कुणी वाचावंसं वाटत नाही. दवाखान्यात मी रडले तेव्हा मुलीला वाटलं मी तिच्यासाठी रडते. मी तसंच वाटू दिलं. आणि केळं मीही तुझ्यामागे कधी खाल्लं नव्हतं. विज्ञान शिकून, इतकी वर्षं. कुणी विचारलं तर सांगायचे, आवडत नाही. काल पान गच्चीवर ठेवायला नेताना जिन्यात कुणी नव्हतं, तिथे थांबून तुझ्या केळ्यातला एक घास मी खाल्ला. फार गोड होतं, माय.